सत्तावीस नंबरच्या चौकोनातलं हरीण

आमच्या अलाजोकी गावात आर्मस पेल्कोलाला ओळखत नाही असा माणूस सापडायचा नाही. आणि ओळखतात ते तोंडावरून नव्हे, जाकिटावरून. जाड लोकरीचं नारिंगी जाकीट, आणि त्यावर पाठभर, बाहीभर, खिशांवरसुद्धा कापडी बिल्ले शिवलेले. दर वर्षाचा एक. पंधरा नोव्हेंबरला आमच्याकडे हरणाची शिकार सुरू होते. त्या दिवशी शाळा बंद, लाकडाची गिरणी बंद, दातांचा डॉक्टरसुद्धा दाराला कुलूप लावून रानात. ज्याला हरीण मिळेल त्यानं ते गाडीत घालून वन्यजीव खात्याच्या तपासणी नाक्यावर न्यायचं. तिथे ते दात बघतात, शिंगाची जाडी मोजतात, कुठे मारलं ते विचारतात आणि या तसदीबद्दल एक बिल्ला हातावर ठेवतात. चार बोटांएवढं कापड, त्यावर हरणाचं चित्र आणि साल. बाजारात विकत मिळत नाही. एवढ्याशा चिंधीसाठी आमची नातवंडंवाली माणसं बर्फातून कुठच्या कुठे गाड्या हाकत जातात. हसायचं तर हसा.

आर्मसचा एकही बिल्ला चुकलेला नव्हता. खात्यानं ही पद्धत सुरू केली तेव्हापासून एकही नाही. बाप गेला त्या वर्षी नाही, गुडघ्याचं ऑपरेशन झालं त्या वर्षी नाही. तेव्हा कुबड्या घेऊन गेला होता. जन्मभर त्यानं रस्त्यावरचा बर्फ काढायचा ट्रक चालवला. बोलणं कमी, हट्ट दांडगा. बढाई मारायचा, पण फक्त बिल्ल्यांची. टुओमीच्या बारमध्ये कुणी नवखा दिसला की हा उगाच पाठ करून उभा राहायचा, म्हणजे त्यानं विचारावं.

त्याची बायको इर्मा. तिचा जन्म शाळेच्या स्वयंपाकघरात गेला. गावातली अर्धी माणसं तिच्या हातचं जेवून वाढलेली. ती निवृत्त झाली आणि घरात वाढायला कुणी उरलं नाही, तेव्हा तिनं हरणं धरली. त्यांच्या घरामागे थोडी मोकळी पट्टी आहे, पट्टीपलीकडे कुंपण, आणि कुंपणापलीकडे सिडरच्या झाडांचं दलदलीचं सरकारी रान. हिवाळ्यात आजूबाजूची सगळी हरणं त्या सिडरखाली येऊन राहतात, कारण तिथे बर्फ कमी साचतो आणि वारा लागत नाही. बर्फ पोटाला लागायला लागला की इर्मा बादली घेऊन पट्टीवर जायची, ओट टाकायची आणि पाच पावलं मागे सरून उभी राहायची. तिच्या अंगणात हरणं घरच्या गुरांसारखी उभी असायची. म्हणजे घरात एक मारणारा आणि एक जगवणारी. त्यावरून भांडण मात्र कधी झालं नाही. "वर्षाचा एक तुझा," ती म्हणायची, "बाकीचे माझे. त्यांना बोट लावायचं नाही."

नकाशावर आमचा सगळा मुलूख मैलामैलाच्या चौकोनांत कापलेला आहे. पेल्कोलांचं घर, मागचं रान आणि आर्मसचं बंदिस्त लाकडी मचाण, सगळं सत्तावीस नंबरच्या चौकोनात. त्याचं एकूणएक हरीण तिथलं. नाक्यावर जॅनेल व्हॉस नावाची बाई असायची, खात्यातली हरणांची जाणकार. तिला आर्मसचं फार कौतुक. रानातली हरणं कुणाला मोजता येत नाहीत, ती सांगायची, मोजायचं ते शिकाऱ्यांच्या गाडीत काय आलं ते. दीड वर्षाच्या नराची शिंगं बारीक आली तर समजायचं, मागचा हिवाळा वाईट गेला. गाडीत तरणे नर कमी आणि जुनेच जास्त यायला लागले तर समजायचं, पाडसं जगत नाहीत. पण शिकाऱ्यानं जागा खरी सांगितली तरच या सगळ्याला अर्थ. आणि लोक जागा कुठली खरी सांगतायत? आपली चांगली जागा दुसऱ्याला कळू नये म्हणून दोन-तीन चौकोन इकडेतिकडे बोट ठेवतात. "तुमचा सत्तावीस नंबर मी डोळे मिटून मानते, पेल्कोला," ती म्हणायची. हे ऐकलं की आर्मस घरी येईपर्यंत शीळ घालायचा.

त्या वर्षी मात्र काही जमेना. आधीचा हिवाळा हाडं गोठवणारा गेला होता, नर कमी होते. आर्मस रोज मचाणात जाऊन बसे आणि रिकामा परत येई. दुसऱ्या आठवड्यात एक नर आला. आला आणि मचाणाच्या खिडकीखालून रमतगमत निघून गेला, कारण आत पायाशी गॅसची शेगडी, पोटात इर्मानं दिलेली पेस्टी, म्हणजे मांस भरून भाजलेली करंजी, मांडीवर रायफल आणि आर्मस पेल्कोला घोरत होता. जाग आल्यावर खिडकीखालच्या ताज्या बर्फात खुरांचे ठसे दिसले. भल्या माणसानं हे घरी सांगितलं. इर्मा डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. आर्मस हसला नाही. जेवायला बसला आणि अर्धं जेवून उठला.

मोसम संपायला एक दिवस उरला असताना त्याचा पुतण्या कर्टिस आला. थोरल्या भावाचा मुलगा. भाऊ लवकर गेला, तेव्हापासून कर्टिसला रायफल धरायला, मासा गळाला लावायला, सौनाच्या वाफेत दम न सोडता बसायला, सगळं आर्मसनंच शिकवलेलं. तो तुरुंगात पहारेकरी होता, त्याची बायको पोटुशी होती. सासरी, शेजारच्या विस्कॉन्सिन राज्याच्या दक्षिण भागात शेतावर गेला होता, तिथे त्यानं एक दांडगा नर मारला होता. सासऱ्याच्या परवान्यावर, म्हणजे खरं तर विनापरवानाच. आणि तो अख्खाच्या अख्खा गाडीत घालून घेऊन आला होता, काकानं सॉसेज करून द्यावं म्हणून.

आता हे करायचं नसतं, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. तिकडे दक्षिणेला हरणांना झिजणीचा रोग आहे. त्यात हरणाचा मेंदू पोखरत जातो, ते वाळतं, लाळ गाळत भटकतं आणि मरतं. त्याला औषध नाही. म्हणून तिकडच्या हरणाचं मांस हाडांवरून सोडवून आणायचं, डोकं आणि हाडं तिकडेच टाकायची असा कायदा आहे. आर्मसनं विचारलं तर कर्टिस म्हणाला, सगळेच आणतात, आणि डोकं तिकडे टाकलं तर शिंगं भिंतीवर कुठली लावू?

आर्मस गाडीभोवती दोनदा फिरला. कर्टिस काकाला ओळखून होता. त्याला काही सांगावं लागलं नाही.

"घेऊन जा ना नाक्यावर," तो म्हणाला. "तुझ्या परवान्याची चिठ्ठी बांध शिंगाला. कुणाचं काय जातं?"

नाक्यावर जॅनेलनं जबडा उघडून बॅटरी मारली. साडेतीन वर्षांचा, म्हणाली. मग शिंगाच्या बुडाशी माप लावलं आणि भुवया वर केल्या. मागच्या हिवाळ्यानंतर सत्तावीसमध्ये इतका धष्टपुष्ट नर कसा, तिनं विचारलं. खरं म्हणजे तिथेच बिंग फुटायचं. दलदलीतलं हरीण कसं असतं आणि मक्याच्या शेतात चरलेलं कसं असतं, हे त्या बाईच्या बोटांना कळत होतं. पण आर्मसनं छाती पुढे काढली. "आमच्या इर्माचा खुराक आहे तो." जॅनेल हसली आणि तिनं ते लिहूनही घेतलं. मग तिनं नकाशा पुढे केला आणि आर्मसचं बोट सवयीनं सत्तावीसवर जाऊन टेकलं. दुसरीकडे कुठे ठेवायचं त्याच्या मनातही आलं नाही. रोगाच्या तपासणीसाठी डोकं देता का, असं तिनं विचारलं तेव्हा तो म्हणाला, घ्या की, शिंगं तेवढी कापून द्या.

इर्मानं बिल्ला शिवायला घेतला. सुईत दोरा ओवता ओवता म्हणाली, बार ऐकू नाही आला मला. आर्मस म्हणाला, वारा होता. तिनं वर पाहिलं नाही, टाके घालत राहिली.

नाताळ झाला, नवं वर्ष लागलं, आणि एका सकाळी जॅनेलचा फोन आला. आवाज ओळखू येईना. ती म्हणाली, तुमच्या हरणात तो रोग निघालाय. दोनदा तपासलं. आपल्या भागातलं पहिलंच. मांस खाल्लं असेल तर काळजी करू नका, माणसाला झाल्याचं कुठे आढळलेलं नाही, पण उरलेलं खाऊ नका. आर्मसनं फोन ठेवला तेव्हा इर्मा ओटची बादली घेऊन दारातच उभी होती. कोण होतं, तिनं विचारलं. कुणी नाही, म्हणाला.

दोन दिवसांत अख्ख्या गावाला कळलं. टाउन हॉलमध्ये सभा भरली, तेव्हा उभं राहायला जागा नव्हती. जॅनेलनं भिंतीवर नकाशा लावला. सत्तावीसचा चौकोन लाल केलेला. ती सरळ बोलली, काही लपवलं नाही. म्हणाली, इथल्या हरणांबद्दल आपल्याला जे काही माहीत आहे ते तुम्ही लोकांनी नाक्यावर आणून दाखवलं म्हणून, आणि या चौकोनाची माहिती तर सगळ्यात पक्की, कारण एकाच माणसानं इतकी वर्षं ती दिलीय. हिवाळ्यात हरणं त्या सिडरच्या रानात दाटीनं राहतात. त्यात कुणी खायला घालत असेल तर एकमेकांच्या लाळेतून रोग भराभर पसरतो. तेव्हा आजपासून हरणांना काही घालायचं नाही, आणि बर्फ वितळून ती पांगायच्या आत खात्याचे नेमबाज त्या रानातली जमतील तितकी हरणं मारतील आणि प्रत्येकाचं डोकं तपासलं जाईल.

सगळ्या माना इर्माकडे वळल्या. हेन्री टुओमीच्या बारवर आणि खोल्यांवर शिकाऱ्यांचीच वर्दळ. त्यानं उभं राहून विचारलं, आता पुढच्या वर्षी इथे कोण कुत्रं येणार? मागून कुणीतरी म्हणालं, पेल्कोलाबाईंना विचारा, त्या ताट मांडून ठेवतील. काही जण हसले. ज्यांना तिनं लहानपणी डाव भरून वाढलं होतं तेच हसले. इर्मा मान ताठ ठेवून बसून राहिली.

घरी आल्यावर तिनं कोट काढला नाही. "ते हरीण कुणाचं होतं?"

त्यानं सगळं सांगितलं. ती रडेल, निदान ओरडेल असं त्याला वाटलं होतं. ओरडली असती तर बरं झालं असतं.

"तुझं नाही हे मला तेव्हाच कळलं होतं," ती म्हणाली. "म्हटलं, म्हाताऱ्याचा हट्ट आहे, पुरवू या. कुणाचं काय जातं." मग म्हणाली, "उद्या जा आणि सांग."

तो गेला. सरळ कबूल केलं, ते हरीण सत्तावीसचं नव्हतंच, राज्याच्या सीमेपलीकडून आलेलं होतं. जॅनेलनं शेवटपर्यंत ऐकून घेतलं. वाईट बाई नव्हती ती, उलट त्या दिवसांत तिचे डोळे झोप नसल्यासारखे लाल होते. तिनं त्याला कॉफी दिली आणि म्हणाली, या आठवड्यात माझ्याकडे रांग लागलीये, पेल्कोला. कुणी म्हणतं ते हरीण बाहेरून येणाऱ्या ट्रकमधून आमच्या रस्त्यावर पडलं, कुणी म्हणतं पाळीव कळपातून पळालेलं होतं. लाल चौकोन कुणालाच आपल्या दारात नकोय. आर्मस म्हणाला, अहो, पण तुम्हीच नव्हता का म्हणालात, इतका धष्टपुष्ट नर इथे कसा? ती म्हणाली, म्हणाले होते. आणि त्याचं कारण तुम्हीच दिलंत, मी ते लिहून घेतलंय. त्यावरूनच तर वरच्या लोकांनी ठरवलं की खाऊ घालण्यामुळे हरणं तिथे जमतायत.

आर्मसनं कॉफी बाजूला सारली. "मग खोटी नोंद केली म्हणून मला पकडा."

"कशावरून पकडू? ती खोटी आहे हे आधी सिद्ध व्हायला हवं ना," ती म्हणाली. "तपासायला मानेतल्या गाठीचा तुकडा घेतात, त्यावर पत्ता लिहिलेला नसतो. ज्यानं मारलं त्याला घेऊन या. तो बोलला तर मी स्वतः वर जाऊन भांडेन."

मग तो कर्टिसकडे गेला. कर्टिस गॅरेजमध्ये पाळणा रंगवत होता. काकाला बघून त्याला कळलंच. त्यानं ब्रश खाली ठेवला नाही. म्हणाला, काका, मी तोंड उघडलं तर नोकरी जाईल. तुरुंगातला पहारेकरीच गुन्हेगार म्हटल्यावर ठेवतील का मला? बाळ येतंय. आर्मस म्हणाला, मला माहीत आहे. कर्टिसनं पाळण्याला रंगाचा आणखी एक हात दिला.

"हरणंच आहेत ती, काका," कर्टिस म्हणाला.

"इर्माची आहेत."

"तुला माझं नाव सांगायचं तर सांग. मी अडवणार नाही. पण मला विचारलं तर मी नाही म्हणणार."

चार-पाच दिवस आर्मस घरात येरझारा घालत होता. आपल्या भावाच्या पोराला खड्ड्यात घालायचं म्हणजे काय ते ज्याचं त्यालाच कळतं. त्यात इर्मानं पट्टीवर जायचं बंद केलं होतं, आणि हरणं मात्र ठरल्या वेळेला येऊन कुंपणापाशी उभी राहत होती. ती खिडकीचा पडदा ओढून घ्यायची. एका दुपारी पडद्याआडून तिचा हुंदका ऐकू आला, तेव्हा तो उठला, गाडीत बसला आणि जाऊन कर्टिसचं नाव सांगून आला.

खात्याचा माणूस कर्टिसकडे गेला. कर्टिसनं कानावर हात ठेवले. म्हणाला, मी त्या आठवड्यात तिकडे गेलोच नव्हतो, सासऱ्यांना विचारा. सासऱ्यांनीही तेच सांगितलं. म्हातारा भ्रमिष्ट झालाय, कर्टिस म्हणाला म्हणे, बायकोच्या हरणांपायी काहीही बोलतोय, त्याचं मनावर घेऊ नका. शिंगं कुठे गेली कुणास ठाऊक, त्याच्या भिंतीवर तरी नव्हती. महिन्याभरानं त्याला मुलगी झाली. ते इर्माला दुकानात वाण्याच्या बायकोकडून कळलं.

फेब्रुवारीत नेमबाज आले. पांढऱ्या गाड्या, शांत, सभ्य माणसं. आर्मसच्या पट्टीवर बसायची परवानगी त्यांनी टोपी काढून मागितली. इर्मानं नाही म्हटलं, तेव्हा हुज्जत न घालता कुंपणापलीकडे सरकारी रानात, दगड मारला तर पोचेल इतक्या अंतरावर बसले. आणि हरणं जमावीत म्हणून त्यांनी तिथे मका ओतला. गोण्यांनी ओतला. इर्माला एक मूठ टाकायची बंदी, आणि हे ढीग घालतायत. आर्मसनं जाऊन विचारलं तर त्यातला एक म्हणाला, काय करणार आजोबा, भुकेली आहेत, मक्याशिवाय पुढे येत नाहीत. खरंच होतं ते. इर्मानं घालणं बंद केल्यावर ती भुकेलीच होती.

त्यांच्या बंदुकांना आवाज फार नसतो. दार ढकलल्यासारखा एक दबका आवाज येतो, बस्स. संध्याकाळी उजेड जायच्या सुमारास तो सुरू व्हायचा. इर्मा रेडिओ मोठा करायची, नीसू या गोड पावाची कणीक मळायला घ्यायची, वेलची कुटायची. वेलची तर इतकी कुटायची की पावात दुसरी चवच लागू नये. आर्मस समोर बसून राहायचा. त्यानं एकदा तिच्या पाठीवर हात ठेवला, तर ती म्हणाली, नको. रागानं नाही म्हणाली. दमलेली होती. सकाळी स्लेजवरून हरणं नेताना दिसायची. माद्या, पाडसं, सगळं एकावर एक. फाटक्या कानाची एक मादी इर्माच्या ओळखीची होती, दर हिवाळ्याला दोन पाडसं घेऊन यायची. ती कुठल्या सकाळी गेली ते आर्मसला कळलं. त्यानं सांगितलं नाही, आणि इर्मानंही विचारलं नाही.

बर्फ वितळल्यावर पुन्हा सभा झाली. जॅनेल नकाशापाशी उभी राहिली आणि म्हणाली, बातमी चांगली आहे. तपासलेल्या सगळ्या डोक्यांत एकातही रोग नाही. एकातही नाही. टाळ्यांचा कडकडाट झाला. वेळेवर कळलं म्हणून आवरलं, ती म्हणाली, आणि याचं श्रेय इमानदारीनं नोंद करणाऱ्या शिकाऱ्यांना आहे. हेन्री टुओमी गर्दीतून वाट काढत आर्मसपाशी आला आणि त्याचा हात धरून गदागदा हलवला. म्हणाला, मी हिवाळ्यात नाही नाही ते बोललो, मनावर घेऊ नकोस. तू ते डोकं दिलं नसतंस तर आज अख्खा मुलूख गेला असता.

आर्मस उभा राहिला. "एकही निघालं नाही, कारण तिथे रोग नव्हताच," तो म्हणाला. "आधीपासूनच नव्हता. ते हरीण इथलं नव्हतं."

लोक मायेनं हसले. आता नाही ना, झालं तर मग, कुणीतरी म्हणालं, आणि शेजारच्यानं खांद्यावर हात ठेवून त्याला खाली बसवलं. फक्त जॅनेल हसली नाही. सभा संपल्यावर ती त्याच्या गाडीपाशी आली. खिडकीतून आत बघत हळूच म्हणाली, कदाचित तुमचं खरं असेल, आणि कदाचित रोग असलेलं तेवढं एकच होतं. कागदावर दोन्ही सारखंच दिसतं, पेल्कोला. मला कागदच पुढे पाठवायचा असतो. इर्मा शेजारच्या सीटवर बसली होती. तिनं एकच विचारलं, म्हणजे आता संपलं ना? जॅनेलनं नकारार्थी मान हलवली. एका हिवाळ्यात स्वच्छ निघून भागत नाही, अजून दोन हिवाळे नेमबाजांना यावं लागेल. उपाय लागू पडलाय म्हटल्यावर तो अर्ध्यात सोडत नाहीत.

पुढच्या मोसमात आर्मस मचाणावर गेला नाही. बर्फ पडला, वाढला, आणि रानात उरलेली थोडी हरणं, नेमबाजांच्या हातून सुटलेली, पुन्हा त्या सिडरखाली आली. दुसरीकडे कुठे जाणार? नेमबाज पुढच्या आठवड्यात यायचे होते. एका दुपारी आर्मसनं खिडकीतून पाहिलं तर इर्मा पट्टीवर उभी होती, आणि कुंपणापलीकडे ती हरणं.

ती त्यांना हाकलत होती. हात हवेत फेकत होती, ओरडत होती, जा, निघा, दूर कुठेतरी मरा जा. शाळेत पोरांवर आवाज चढवायची तसा तिनं आवाज चढवला होता, पण तो फाटत होता. हरणं कान तिच्याकडे करून बघत होती. त्यांना त्या बाईची भीती कधी वाटलीच नव्हती. एक मादी दोन पावलं पुढे आली आणि कुंपणावरून मान काढून इर्माच्या पायांपाशी काही पडलंय का ते बघायला लागली. इर्मानं बर्फाचा गोळा करून तिला मारला. तो तिच्या मानेवर फुटला. मादीनं मान झटकली आणि तिथेच उभी राहिली.

आर्मस रायफल घेऊन बाहेर आला आणि त्यानं आभाळात बार काढला. तेव्हा मात्र शेपट्या वर करून सगळी पळाली. सिडरच्या कडेपर्यंत गेली आणि तिथे वळून थांबली. तो आणखी एक बार काढायला गेला, पण इर्मानं त्याचा हात धरला. ती बर्फात गुडघ्यांवर बसली होती, धापा टाकत होती.

"यांना कसं सांगू मी?" ती म्हणाली. "आर्मस, यांना कसं सांगायचं?"

तो तिच्या शेजारी बसला. थोड्या वेळानं सिडरखालून पहिली मादी बाहेर आली, मग तिच्यामागून बाकीची, आणि एकेक करत सगळी पुन्हा कुंपणापाशी येऊन उभी राहिली.